मेणकागदावर लक्सर : १८५० च्या दशकातल्या रीतीनं देवळांचे फोटो, प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२४, पुणे

काम ठरलं. जानेवारीत इजिप्तमधल्या लक्सरला जायचं आणि १८५० च्या दशकात तिथल्या देवळांचे फोटो ज्या रीतीनं निघाले त्याच रीतीनं, मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर, मोजकेच फोटो काढायचे. इजिप्तचे ते पहिले फोटो मी वर्षानुवर्षं पाहतोय. आभाळ कोरं, दगड काळपट, सावल्या मात्र मऊ आणि तपशिलानं भरलेल्या. यातलं देवळाचं किती आणि कागदाचं किती, हे नुसतं बघून कळत नाही. तोच कागद हातानं तयार करून, त्याच दगडासमोर धरूनच ते कळेल.

रीत निवडायला फार वेळ लागला नाही. डॅगरोटाइप, म्हणजे चांदीच्या चकचकीत पत्र्यावरचा फोटो, इजिप्तमध्ये सगळ्यात आधी पोचला. होरास व्हर्ने आणि गुपिल-फेस्के हे फ्रेंच चित्रकार १८३९ च्या नोव्हेंबरातच अलेक्झांड्रियात होते. पण त्यात पाऱ्याची वाफ येते, ती मला घरात नको. ओलं कोलोडियन, म्हणजे काचेवर चिकट द्रावणाचा थर देऊन फोटो काढणं, ही इंग्रज फोटोग्राफर फ्रान्सिस फ्रिथची रीत, १८५६ ते १८६० च्या दौऱ्यांतली. त्यात काच ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवावी लागते, म्हणजे देवळात तंबू ठोकणं आलं. फ्रिथच्या तंबूत तर उकाड्यानं कोलोडियन उकळायचं. उरला फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रेचा मेणकागद. आदल्या रात्री तयार करा, दुसऱ्या दिवशी वापरा, रात्री खोलीवर आणून धुवा. त्याचा शिष्य जॉन बीझली ग्रीन हाच कागद घेऊन १८५३ मध्ये नाईलवर गेला, तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवतोय. फ्रेंच लेखक माक्सीम द्यु काँ १८४९ मध्ये ल ग्रेकडे शिकून इजिप्तला गेला, पण ती रीत त्याला तिथं साधली नाही. हिंदुस्थानाकडे निघालेला बॅरन द ला ग्रांज त्याला काहिऱ्यात (कैरोत) भेटला, त्याच्याकडून तो ब्लांकार-एव्रारची ओल्या कागदाची रीत शिकला आणि मग पुढचं काम झालं. म्हणजे घरी जमलेली कृती तिथं जमेलच असं नाही.

२२ सप्टेंबर

पहिली अडचण कागदाची. चांगल्या दुकानातला, शंभर टक्के कापसाचा पातळ कागद आणला. कागदाला उजेड पकडता यावा म्हणून तो चांदीच्या (सिल्व्हर नायट्रेटच्या) द्रावणातून काढावा लागतो. तसा काढला तर ठिपकेच ठिपके, आणि डेव्हलप करताना अख्खा कागद राखाडी झाला. कारण असं की हल्लीचा टिकाऊ कागद टिकावा म्हणूनच त्यात खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट घालतात. चांदीच्या द्रावणातलं अ‍ॅसेटिक आम्ल तो खाऊन टाकतो, आणि आम्ल गेलं की कागद धुरकटतो. १८५० मधल्या कागदात हा भराव नव्हता.

उपाय: कागद सल्फॅमिक आम्लाच्या दहा टक्के द्रावणात बुडवायचा. बारीक बुडबुडे सुटतात, तोच भराव निघतोय. बुडबुडे थांबले की भरपूर पाण्यात धुऊन दोरीवर वाळवायचा. ओला कागद कोपऱ्यात धरून उचलू नका, फाटतो; खाली प्लॅस्टिकची जाळी ठेवून जाळीसकट उचला.

काळे ठिपके मात्र याने पूर्ण गेले नाहीत. ते कागदात राहिलेल्या लोखंडाच्या कणांचे. त्यावर इलाज एकच: प्रत्येक कागद खिडकीशी धरून पाहायचा आणि ठिपका दिसला की बाजूला काढायचा. एका गठ्ठ्यातले निम्म्याहून जास्त कागद असे बाद झाले. हे नुकसान खर्चात आधीच धरा.

६ ऑक्टोबर

मेण. मधमाश्यांचं पांढरं केलेलं मेण घेतलं. इस्त्री कमी तापमानावर, खाली टिपकागद, वर कागद, त्यावर मेणाची वडी फिरवायची आणि पाठोपाठ इस्त्री. कागद काचेसारखा आरपार दिसायला लागतो. जादाचं मेण ताज्या टिपकागदात इस्त्रीनं ओढून घ्यायचं. इथं घाई चालत नाही. पृष्ठभागावर मेणाची चमक राहिली तर पुढचं द्रावण त्या जागी शिरतच नाही आणि निगेटिव्हवर पारदर्शक डाग पडतो. कागद तिरका धरून दिव्याखाली पाहावा. कुठंही चकाकी दिसायला नको.

१९ ऑक्टोबर

आयोडाइडचं द्रावण. ल ग्रेच्या कृतीत तांदळाचं पाणी आहे, म्हणजे आपली पेजेची निवळ. त्यात दुधाची साखर आणि पोटॅशियम आयोडाइड. त्याच्या कृतीतलं सायनाइड मी घेतलेलं नाही, कुणी घेऊही नये. लिटरभर निवळीला ४० ग्रॅम दुधाची साखर, १५ ग्रॅम आयोडाइड, आणि द्रावणाला गवती पिवळी छटा येईपर्यंत आयोडीनचे खडे.

पेज आंबेमोहोराची केली ती फार दाट झाली आणि कागदावर रेघा ओढल्या गेल्या. जुना तांदूळ, शितं न फुटतील इतपतच उकळून, निवळ मलमलीतून दोनदा गाळून घेतली तेव्हा जमलं. कागद तासभर बुडवून ठेवायचा. मेणामुळं पाणी लवकर शिरत नाही आणि कागदाखाली हवा अडकते, ती मऊ ब्रशनं काढावी लागते. वाळल्यावर कागद जांभळट होतो. स्टार्च आणि आयोडीन एकत्र आल्याचा तो रंग आहे आणि पुढं फार उपयोगी पडतो: चांदीच्या द्रावणात टाकला की जांभळा रंग उडतो, आणि जिथं उडाला नाही तिथं चांदी पोचलेली नाही हे मंद पिवळ्या उजेडातही दिसतं.

इथवरचा कागद उजेडात ठेवला तरी चालतो, त्यात चांदी नाही. म्हणून सगळा साठा पुण्यातच तयार करून नेणार.

१० नोव्हेंबर

लेन्स. त्या काळच्या साध्या लँडस्केप लेन्ससारखी हवी होती. चष्म्याच्या दुकानात +३ नंबरची गोल काच सांगितली, म्हणजे ३३ सेंटिमीटर फोकल लेंग्थ (लांबचा उजेड भिंगापासून जितक्या अंतरावर एकवटतो ते). दुकानदार म्हणाले, "काच आता कोणी घेत नाही हो, प्लॅस्टिक देतो, यूव्ही कोटिंग फ्री." ते नेमकं नको होतं, कारण हा कागद निळा-जांभळा आणि त्यापलीकडचाच उजेड पकडतो. कोटिंग तोच अडवणार. बिनलेपाची काच मागवून घेतली, सहाशे रुपये. खोलगट बाजू देवळाकडे, तिच्यापुढं थोड्या अंतरावर १० मिलिमीटरचं छिद्र असलेला काळा पत्रा. म्हणजे साधारण f/३२, फोकल लेंग्थच्या बत्तिसाव्या भागाएवढं छिद्र.

पहिले फोटो सगळे मऊ आले. ग्राउंड ग्लासवर, म्हणजे फोकस करायच्या दुधी काचेवर, वीट न् वीट स्पष्ट, कागदावर मात्र पुसट. ट्रायपॉड हलतो म्हणून वाळूच्या पिशव्या टांगण्यात दोन रविवार गेले. खरं कारण भिंगातच होतं. एकेरी काचेत पिवळा उजेड जिथं एकवटतो त्याच्या अलीकडे निळा एकवटतो. आपला डोळा पिवळ्यावर फोकस करतो, कागद निळ्यावर. फरक फोकल लेंग्थच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढा, माझ्या भिंगाला आठेक मिलिमीटर. आता डोळ्यानं फोकस करायचा आणि भिंग तेवढं कागदाकडे सरकवायचं. कॅमेऱ्याच्या बेसबोर्डावर (तळफळीवर) पितळी पट्टी ठोकून आठ मिलिमीटरची खूण केली. तेव्हापासून कागदाच्या पोतापलीकडची मऊपणाची तक्रार नाही.

१ डिसेंबर

डेव्हलपिंग. संपृक्त गॅलिक आम्ल आणि त्यात चांदीच्या द्रावणाचे काही थेंब. गॅलिक आम्ल पूर्वी मायफळापासून काढत, तेच जे आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात. मी तयार पूड घेतली. तास-दीड तास लागतो. द्रावण मधेच तपकिरी झालं तर ट्रे स्वच्छ नाही असं समजा. ट्रेवर आधीच्या चांदीचा पुसटसा थर असला तरी नवं द्रावण नासतं. नायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणानं ट्रे धुतले की प्रश्न सुटला. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय चांदीच्या बाटलीला हात लावू नका. त्वचेवरचा काळा डाग चार-आठ दिवसांत जातो, डोळ्यात उडालं तर कायमचं नुकसान.

सरावात आतापर्यंत सगळ्यात जास्त पैसे सिल्व्हर नायट्रेटवर गेले, २५ ग्रॅमला साडेचार हजार. विमानातून ते नेता येत नाही, ऑक्सिडायझर, म्हणजे आग भडकवणारं रसायन आहे. ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लही नाही. दोन्ही काहिऱ्यात घ्यायची. हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) आणि गॅलिक आम्ल कंपनीच्या सीलबंद डब्यातच, बिलासकट नेतोय.

७ जानेवारी २०२५, लक्सर, पश्चिम किनारा

काहिऱ्यातून रसायनं मिळाली, त्यात एक आख्खा दिवस गेला. देवळांत ट्रायपॉड लावायची परवानगी आधीच काढली होती, ती नसेल तर हा उद्योग सुरूच करू नका.

खोलीचं न्हाणीघर म्हणजे डार्करूम. पहिल्याच रात्री चांदीचं द्रावण दुधाळ झालं. डिस्टिल्ड म्हणून घेतलेलं पाणी तसं नव्हतं. त्यात क्षार होते आणि चांदी क्लोराइड होऊन तळाशी बसली. आता प्रत्येक बाटलीतून चमचाभर पाणी पेल्यात काढून त्यात चांदीचा एक थेंब टाकतो, काळ्या कापडासमोर धरतो. धुरकट रेघ उठली की ती बाटली फक्त हात धुवायला. औषधांच्या दुकानातलं पाणी या परीक्षेत उतरलं.

दुसरी अडचण थंडीची. दिवसा बावीस-तेवीस अंश, पण रात्री न्हाणीघरात इतका गारठा की गॅलिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक ट्रेमध्ये उगवले आणि निगेटिव्हला चिकटले. मोठ्या परातीत कोमट पाणी, त्यात ट्रे, आणि पाणी गार झालं की बदलायचं. उन्हाळ्याची भीती घालणारी वर्णनं वाचून आलो होतो. हिवाळ्यात उलटी तयारी लागते.

९ जानेवारी, लक्सर देऊळ

आजचं लक्ष्य रामसेस दुसऱ्याचा पायलॉन (देवळाच्या दाराचे दोन भव्य बुरूज), त्यापुढचे बसलेले पुतळे आणि ओबेलिस्क, म्हणजे टोकदार उंच दगडी स्तंभ. ओबेलिस्क एकच आहे. दुसरा १८३६ पासून पॅरिसला प्लास द ला काँकॉर्दवर उभा आहे, म्हणजे फोटोची रीत जगजाहीर होण्याआधीच गेला. त्यामुळे जुन्या फोटोंतही एकच.

जुन्या फोटोची जागा शोधायला मी दगडांच्या थरांचा आधार घेतो. भिंत तिरकी दिसत असेल तर कॅमेऱ्याच्या उंचीवरच्या थराची रेघ सपाट राहते, वरच्या थरांच्या रेघा लांब जाताना खाली उतरतात, खालच्यांच्या वर चढतात. सपाट रेघ सापडली की कॅमेऱ्याची उंची सापडली. हे इथं करून पाहिलं आणि सपाट रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर निघाली. जागा बरोबर, पण उंची हाती येईना.

कारण इथली जमीनच उतरली आहे. १८५० मध्ये बसलेले पुतळे छातीपर्यंत राडारोड्यात होते, देवळाच्या आत घरं होती. फ्रेंच संशोधक मास्पेरोनं १८८० च्या दशकात खणायला घेतलं तेव्हापासून तो सगळा थर गेला. त्याची एक खूण मात्र जागेवर आहे: पहिल्या अंगणातली अबू हग्गागची मशीद. तिचं जुनं दार आता भिंतीत अधांतरी दिसतं, खाली पाय ठेवायला काही नाही. तो दरवाजा बांधला तेव्हा माणसं त्या उंबऱ्याच्या पातळीवरून चालत होती. अंगणात उभं राहून मान वर करून तो उंबरा पाहिला की त्या पहिल्या फोटोग्राफरांच्या पायाखाली किती मीटर देऊळ पुरलेलं होतं ते एका नजरेत कळतं.

तात्पुरता उपाय म्हणून स्फिंक्सांच्या रस्त्याच्या काठावर, जिथं आजच्या शहराची वरची जमीन आहे, तिथं ट्रायपॉड पूर्ण उंच करून लावला. जागा मूळच्यापेक्षा लांब पडते, म्हणून पुतळे लहान आले. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून जुळवायची असतील तर एक अडचण आणखी: पायलॉनपुढचे उभ्या माणसाचे, पडून तुटलेले पुतळे २०१७ पासून जोडून पुन्हा उभे केले आहेत. जुळणीसाठी पुतळे वापरू नका, पायलॉनमधल्या ध्वजस्तंभांच्या उभ्या खाचा वापरा.

एक्स्पोजर बारा मिनिटं. लोक येत-जात राहिले, कागदावर एकही माणूस उमटला नाही. द्यु काँच्या फोटोंत माप म्हणून बसलेला हाजी इस्माईल दिसतो, कारण त्याला हलायचीच बंदी होती. लेन्सची पितळी नळी ही तोफ आहे आणि हललास तर गोळी सुटेल, असं द्यु काँनं त्याला सांगितलं होतं. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. कोणाला असं भिववून बसवणं मला पटत नाही. मी मापासाठी एक मीटरची काळी-पांढरी पट्टी टेकवून ठेवतो.

११ जानेवारी, मेदिनेत हाबू

रामसेस तिसऱ्याचं देऊळ. ग्रीननं त्याच्या दुसऱ्या फेरीत इथं उत्खननही केलं होतं. परत गेल्यावर फार दिवस मिळाले नाहीत त्याला. १८५६ मध्ये, चोविसाव्या वर्षी गेला.

आज दुपार उशिरापर्यंत काम केलं. उतरत्या उन्हात पहिला पायलॉन आणि भिंतीवरची ती खोल खोदलेली चित्रलिपी सुंदर दिसत होती, उजेड मोजायचं मीटर म्हणत होतं पंधरा मिनिटं. रात्री ट्रेमध्ये जवळजवळ काहीच उमटलं नाही. याउलट उत्तरेकडची बाहेरची भिंत, समुद्री लढाईचं दृश्य असलेली, दिवसाचा बराच वेळ सावलीत. मीटरच्या हिशेबानं ती पाऊण तासाची होती, मी वीस मिनिटांवर थांबलो, आणि तीच सगळ्यात भरदार आली. होड्या, आडवेतिडवे पडलेले सैनिक, सगळं.

मीटर एकूण उजेड मोजतं. कागदाला फक्त निळा दिसतो. उतरतं ऊन पिवळं असतं, त्यात कागदाचं खाद्य उरलेलं नसतं. सावलीतल्या भिंतीवर मात्र निळ्या आभाळाचा उजेड पडतो. जुन्या फोटोंतल्या त्या उघड्या, मऊ सावल्यांचं कोडं मला इथं सुटलं. पिवळसर वालुकाश्म उन्हात असूनही काळपट येतो तोही याच कारणानं. म्हणजे त्या फोटोंवरून दगडाचा रंग किंवा झीज ठरवायला जाऊ नये.

१४ जानेवारी, मेदिनेत हाबू, दुसरं अंगण

१८५० च्या दशकातल्या फोटोंत या अंगणात कॉप्टिक (इजिप्तच्या ख्रिश्चनांच्या) चर्चचे सडसडीत दगडी खांब दिसतात. फराओंच्या अंगणातल्या साफसफाईत पुढं ते काढून टाकले. देवळाच्या आयुष्यातला एवढा मोठा काळ पुसला गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या कागदांवर तो निदान दिसतो तरी.

मला हवे होते ओवरीतले रंग. इथल्या तुळयांच्या पोटाला पंख पसरलेली सूर्यचकती आहे. पिसं निळी, हिरवी, तांबडी, मागचा पृष्ठभाग पांढरा. कॅमेरा वर तिरका केला, मागं उशी लावून लॉक केला. इथं सगळा उजेड अंगणाच्या पिवळ्या फरशीवरून उसळून येतो, म्हणजे कागदासाठी सर्वात वाईट. चाळीस मिनिटांत पुसट आकार, तासाभरात जरा बरं, शेवटी दोन तास देऊन निगेटिव्ह मिळालं. मधे वारा सुटला, बेलोज (कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता) फडफडायला लागला तेव्हा भिंगावर टोपी घालायची आणि थांबला की पुन्हा काढायची.

रात्री निगेटिव्हचा मोबाइलनं काळ्याचा पांढरा करून पॉझिटिव्ह फोटो पाहिला. निळी पिसं मागच्या पांढऱ्यात जवळजवळ विरघळली आहेत. तांबडी पिसं काळी. प्रत्यक्षात नजर निळ्यावर जाते, कागदावर ते निळं नाहीच. पंखातल्या निळ्या पट्ट्या गेल्यासारख्या वाटतात आणि पंख विरळ, फाटल्यासारखा दिसतो. जुन्या फोटोवरून कुणी लिहिलं असतं की रंगकाम झडलं आहे, तर मी मान्य केलं असतं. निळ्या छतावर पिवळे तारे असतील तिथं तर फिकट छतावर काळे तारे येतील.

२ फेब्रुवारी, पुणे

निगेटिव्ह पुन्हा हलकी इस्त्री फिरवून पारदर्शक केले. धुण्यात मेण पांढुरकं होतं, हे करायचंच. छपाई मिठाच्या कागदावर: दोन टक्के मीठ, वाळवून बारा टक्के चांदी, फ्रेममध्ये निगेटिव्हला चिकटवून गच्चीवर उन्हात. जांभळट तपकिरी प्रत मिळते, हायपोत ती तांबूस होते. द्यु काँ आणि ग्रीनच्या अल्बमांतली ती थंड, पाटीसारखी करडी छटा यानं येत नाही. त्या प्रती लीलच्या ब्लांकार-एव्रारच्या कारखान्यात उन्हावर पूर्ण न छापता डेव्हलप करून काढलेल्या होत्या, तो रंग तिथला.

शेवटचा प्रश्न आभाळाचा. आभाळ कागदावर सगळ्यात आधी गच्च काळं होतं, पण एकसारखं होत नाही. ढगांसारखे ढब्बे येतात. ते लपवायला तेव्हाचे बरेच जण निगेटिव्हवर आभाळाच्या जागी शाई भरत. मी लक्सरच्या निगेटिव्हच्या एका नकलेवर मागून काळी शाई भरून पाहिली. ओबेलिस्कची सरळ कड सोपी गेली. पायलॉनचा तुटका माथा मात्र ब्रशनं नेमका पाळताच येईना. जिथं दोन-तीन दगड निखळले आहेत तिथं शाईची रेघ सरळ पुढं गेली आणि प्रतीत भिंत होती त्यापेक्षा धडधाकट दिसायला लागली. म्हणून आता जुन्या प्रतीत भिंतीच्या माथ्यावर किती दगड होते हे मोजायला मी भिंग लावून आधी ती कड पाहतो: आभाळ आणि दगड यांच्यामध्ये बारीक गडद किंवा पांढरी किनार असेल तर ती ब्रशची रेघ, आणि त्या माथ्याचं मोजमाप धरायचं नाही. शाई भरलेली आणि न भरलेली अशा दोन्ही प्रती शेजारी शेजारी चिकटवून ठेवल्या आहेत.